मशीन लावल्यावर तो येऊ लागला

आमच्या घरात सकाळच्या चहाच्या वेळी स्वप्न सांगितलं जायचं. सांगायच्या माझ्या सासूबाई, ऐकायची मी. घरात आम्ही दोघीच. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, समुद्रातून परत आला नव्हता.

तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल होता. बोट हाकायची, जाळं कुठं सोडायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. गणपती होऊन गेले होते, समुद्र निवळला होता, आणि एका दुपारी वारा एकदम फिरून बोट उलटली. बरोबरच्या माणसांना मागून येणाऱ्या बोटीनं उचललं. त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो बर्फाच्या खोक्याचं झाकण धरून होता, असं त्यांनी किनाऱ्यावर येऊन सांगितलं. बरेच दिवस शोध झाला. प्रेत मिळालं नाही.

त्या झाकणावर आई पुढची काही वर्षं जगत होत्या. सासूबाईंना मी आईच म्हणत असे. "झाकान धरल्यान म्हणजे तरंगत गेलो असतलो," त्या म्हणायच्या. "खंयतरी कारवाराकडे लागलो असतलो." त्यांनी दिवस घालू दिले नाहीत, माझं मंगळसूत्र काढू दिलं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं मला येई, पण कुंकू लावताना बायकांचा हात माझ्या कपाळापाशी क्षणभर थांबे.

तो जिवंत आहे याचा त्यांच्याकडे पुरावा होता, तो म्हणजे स्वप्न. रोज नाही, पण आठवड्यात कधी ना कधी चहाचा कप हातात घेता घेता त्या म्हणायच्या, "काल तो इललो."

"काय म्हणालो?"

"काय नाय. आंगणात उभो होतो. कपडे सुके होते."

कपड्यांचं त्या दर वेळी सांगत. बुडालेला माणूस स्वप्नात भिजलेला येणार, हा सुका येतो, म्हणजे हा जमिनीवर आहे, असा त्यांचा हिशोब. गावात असं दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. तो हिशोब त्यांनी स्वतःच बसवला होता.

मग माझ्याकडे बघून विचारायच्या, "तुका कसो दिसणा नाय गो?"

मला तो दिसत नव्हता. मला काहीच दिसत नव्हतं. अंथरुणावर अंग टाकलं की मी नाहीशी व्हायची आणि सकाळी उठायची ती डोकं ठणकत, घसा कोरडा पडलेला, झोपच झाली नाही अशा अंगानं. मधल्या वेळेत स्वप्न म्हणून काही नसायचं. लहानपणी मला पुष्कळ स्वप्नं पडायची, ती कधी थांबली तेही कळलं नव्हतं. आईंनी त्याचा अर्थ लावला होता. एकदा त्या स्पष्टच म्हणाल्या, "तुझ्या मनातसून तो गेलो." मलाही वाटायला लागलं होतं की माझ्या आतलं काहीतरी आटलंय. लोकांसमोर मी रडायची ते खरं आहे की नाही, याचीच मला शंका यायची.

मी जवळच्या कट्टा गावच्या हायस्कुलात क्लार्क होते, अजून आहे. तिथं मी टेबलावर झोपायला लागले. कुणी दाखल्यासाठी समोर उभं असायचं आणि माझं पेन कागदावर वाकडी रेघ ओढत जायचं. मुलं हसत. मुख्याध्यापक आधी सांभाळून घेत, पुढं पुढं नजर चुकवू लागले. नवरा गेलेली बाई आहे, तिला रात्री झोप येत नसेल, असा सगळ्यांचा समज. खरं म्हणजे मी रात्रभर झोपत होते, आणि घोरतही होते. आई म्हणायच्या, "ट्रॉलराचा इंजिन बरा." बाईमाणसानं घोरणं ही लाजेची गोष्ट, म्हणून मी ते कुणाला सांगत नसे.

एका संध्याकाळी शाळेतून परत येताना स्कूटरवरच माझा डोळा लागला. जाग आली ती चिऱ्याच्या गडग्याशेजारी, चरात. हाताला खरचटलं होतं, हनुवटी फुटली होती. समोरून काही येत नव्हतं म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी हनुवटीवरची पट्टी बघून आमच्या शाळेतल्या एक ख्रिश्चन बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या इंग्रजी शिकवतात. त्यांनी दारं लोटली आणि हळू आवाजात विचारलं, "गो, तू घोरतंस?"

मी मान खाली घातली.

"लाजू नको. माझ्या भावाक असोच त्रास होतो. गोव्याक असता तो. गाडी चालवताना झोपायचो. आता मशीन लावून झोपता. तू दाखय कोणाक तरी."

त्यांनीच मला कुडाळला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. छातीवर पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी असं सगळं लावून एक रात्र घरी झोपायचं होतं. त्या यंत्रातली नोंद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोपेत तुमचा घसा मिटतो आणि श्वास थांबतो. मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट उठवतो, श्वास सुरू होतो, पुन्हा थांबतो. रात्रभर हेच चाललेलं असतं. तुम्हाला त्यातलं काही आठवत नाही इतकंच."

"मला स्वप्नं पडत नाहीत," मी म्हणाले. हे कशाला सांगितलं ते मला माहीत नाही.

त्यांनी मान हलवली. "स्वप्नं पडायची जी झोप असते तिच्यात शरीर सगळ्यात ढिलं पडतं. तुमचा श्वास तिथंच जास्त अडकतो. ती झोप तुम्हाला पुरी मिळतच नाहीये."

मी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसले आणि रडले. शाळेतल्या बाईंना वाटलं, आजाराला घाबरले. तसं नव्हतं. तो माझ्या मनातून गेला नव्हता, माझा घसा मिटत होता, एवढंच होतं.

मशीन घरी आलं. लहानशा डब्याएवढं, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. आईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "गणपतीची सोंड." त्या दिवसापासून त्याचं नाव सोंड. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपायचो, त्या खाटेवर, मी खाली. पहिल्या रात्री मला गुदमरल्यासारखं झालं, दोनदा मास्क ओढून काढला. पण हळूहळू जमलं. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ असायचे आणि डोकं मात्र मोकळं. शाळेत मी सरळ बसू लागले.

आणि स्वप्नं आली. डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं की शरीर राहिलेलं भरून काढतं, सुरुवातीला स्वप्नं जास्त पडतील, जोरात पडतील, घाबरू नका. तरी मी घाबरले. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मी कोंडलेली असायची. शाळेच्या कपाटातून पाणी यायचं. ताटातला मासा तोंड उघडून माझ्या नावानं हाक मारायचा. इतकी वर्षं बंद असलेलं दार कुणीतरी लाथेनं उघडावं तसं ते होतं. पहाटे मी घामानं भिजून उठायची आणि मास्कमधली हवा माझ्या तोंडावर येतच असायची.

मग एकदा तो आला.

मागच्या पडवीत बसून जाळं शिवत होता. माझ्याकडे पाठ. मी म्हटलं, "खंय होतंस?" तो न वळता म्हणाला, "खंय म्हणजे? हयच आसय. गॅस बंद केलंस मा?" त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यातून पाणी गळून शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओहोळ गेला होता. मी त्याला हात लावायला गेले आणि जाग आली.

मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. गॅसबद्दल विचारायची त्याची सवयच होती. बोटीवर जाण्याआधीसुद्धा तो दारातून ओरडून विचारायचा. चहा ठेवता ठेवताच मी आईंना म्हटलं, "आये, तो इललो. माझ्या सपनात इललो!"

त्या खाटेवरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. इतक्या पटकन उठताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. "काय म्हणालो? कसो होतो?"

मी सगळं सांगितलं. जाळं, पडवी, गॅस.

"कपडे?"

खरं तर तेव्हाच मला थांबायला हवं होतं. पण मी माझ्या आनंदात होते. "भिजललो होतो," मी म्हणाले.

आई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग वळून खाटेवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

त्यानंतर त्यांच्या स्वप्नात तो येईना. एक आठवडा गेला, महिना गेला. मला मात्र तो वरचेवर दिसायचा. कधी बाजारात, कधी एसटीत, कधी नुसता दारात, आणि नेहमी ओला. मी सांगणं बंद केलं. पण आई माझ्या चेहऱ्यावरून ओळखायच्या.

"इललो ना?"

मी चहात साखर घालत राहिले.

"माझ्याकडे येवचो बंद झालो. आता तुझ्याकडे येता. एक माणूस दोन घरात कसो जायत?"

एकदा मी नळी धुऊन उन्हात वाळत घालत होते. त्या पडवीतून बघत होत्या. शांतपणे, अजिबात न रागावता म्हणाल्या, "तुझ्या ह्या मशिनीन माझ्या झिलाक बुडयल्यान."

मी नळीतलं पाणी झटकलं आणि ती दोरीवर टाकली.

मे महिन्यात वादळ झालं. माड पडले, विजेचे खांब वाकले, आमच्या वाडीची लाईट गेली ती बरेच दिवस आलीच नाही. मशीन बंद. मी पुन्हा पूर्वीसारखी झोपायला लागले, म्हणजे नाहीशी व्हायला लागले. डोकं ठणकणं परत आलं. दोन-तीन दिवसांनी सकाळी चुलीपाशी बसलेल्या आईंचा चेहरा उजळलेला दिसला. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "काल इललो. सुको. खडखडीत सुको."

त्या हसत होत्या. वाडीत घरांची कौलं उडालेली, प्यायचं पाणी विहिरीतून ओढायचं, आणि माझी सासू हसत होती.

लाईट आली त्या संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला. "ता लावू नको," त्या म्हणाल्या. "मी काय लय दिवस ऱ्हवचंय नाय. माझ्यासाठी लावू नको."

मी मशीन कपाटावर ठेवून दिलं.

पावसाळा तसाच गेला. आईंना तो पुन्हा दिसू लागला. त्या भात नीट जेवायच्या, शेजारणीशी बोलायच्या. मी शाळेत परत टेबलावर पडू लागले. एकदा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मोजता मोजता खुर्चीवरून खाली कोसळले आणि कपाळावर टाके पडले. शाळेतल्या बाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि तिथून थेट कुडाळला. वाटेत त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मशीन कपाटावर आहे हे मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सासूबाईंचं, स्वप्नाचं, कपड्यांचं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही एकाच खोलीत झोपता?"

"हो."

"तुमच्या घोरण्यानं त्यांना जाग येत असणार. स्वप्न सगळ्यांनाच पडतं. आठवतं ते मध्येच जाग आली तर. तुम्ही घोरत होता तेव्हा त्या रात्रीतून पुन्हा पुन्हा जाग्या व्हायच्या, म्हणून त्यांना मुलगा आठवायचा. मशीन लावल्यावर खोली शांत झाली. त्या सकाळपर्यंत सलग झोपू लागल्या. तो तेव्हाही येतच असेल, त्यांच्या लक्षात राहत नव्हता."

माझा श्वास बंद पडायचा, त्या आवाजानं त्या जाग्या व्हायच्या, आणि त्यांना मुलगा भेटायचा. इतकी वर्षं असं चाललं होतं. "त्यांना सांगू?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. पण मशीन काढायचं नाही. हृदयावर येईल तुमच्या."

मी आईंना सांगितलं नाही. सांगून त्यांना समजलं असतं, त्या काही भोळ्या नव्हत्या. पण समजलं असतं म्हणूनच सांगितलं नाही. मी मशीन परत लावलं आणि दुसरं काहीतरी करायचं ठरवलं. पहाटे, उजाडायच्या आधी, मी मास्क काढून उठायची आणि त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांना हलवायची.

पहिल्यांदा त्या दचकल्या. "काय झाला? कित्याक उठवलंस?"

"काय नाय आये. काय दिसला काय?"

त्या डोळे मिटून पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझो सासरो. आंबे मोजत होतो."

काही दिवस असंच. कधी म्हैस दिसली, कधी माहेरची नदी. मी का उठवते ते त्यांनी विचारलं नाही. कदाचित त्यांनी ओळखलं असेल. उलट त्या मला सांगू लागल्या, "उद्या जरा आधी उठव." त्यांची झोप मोडत होते, वय झालेलं, दिवसभर त्यांना गळून गेल्यासारखं व्हायचं. तरी त्या म्हणत, उठव.

थंडी पडायला लागली होती. एका पहाटे मी हात लावायच्या आतच त्यांच्या घशातून आवाज येत होता. मी हलवलं. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"इललो," त्या म्हणाल्या.

मी खाटेच्या कडेवर बसले.

"बारको होतो. एवढोसो. दर्यात आंघोळ करून इललो, उघडो, कुडकुडत होतो. मी पदरान पुसूक लागलंय. पुसतंय, पुसतंय. तो काय सुकणा नाय गो. डोक्या पुसला काय पाठ वली, पाठ पुसली काय डोक्या वला. माझो पदर भिजून चिंब झालो. तरी तो सुकणा नाय."

त्या रडल्या नाहीत. मी रडले. मशीन चालूच राहिलं होतं, खाली अंथरुणावर मास्कमधून नुसती हवा जात होती. मी वाकून ते बंद केलं. बाहेर कोंबडे आरवायला लागले तरी त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

उजाडल्यावर त्यांनी अंगण झाडलं. ते काम मी करते, त्यांनी कधीच सोडलं होतं. मग खराटा भिंतीला लावून ठेवत म्हणाल्या, "भटाक बोलाव. त्याचा काय ता करून टाक."

"आये, घाई नको."

"घाई?" त्या म्हणाल्या. "त्याका थंडी वाजता गो."

ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्यासाठी दर्भाचा पुतळा करतात. तो आमच्या माडांच्या बागेच्या टोकाला, खाडीच्या बाजूला केला. आईंनी घरातून त्याचा एक सदरा आणून त्यावर घातला. भटजी म्हणाले, याची गरज नाही. आई म्हणाल्या, "ऱ्हवांदे." पुतळा पटकन जळला. माणसाला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही. माझं मंगळसूत्र त्यांनीच काढलं. हुक निघेना, शेवटी शेजारच्या बाईंनी मदत केली.

त्या दिवसानंतर मी त्यांना पहाटे उठवलं नाही आणि त्यांनीही उठव म्हटलं नाही. सकाळी चहा होतो, आम्ही दोघी पितो. त्या कमी बोलतात. मध्ये मी त्यांना विचारलं, मशीनचा आवाज होतो काय, मी बाहेरच्या खोलीत झोपू? त्या म्हणाल्या, "नको. हयच झोप."

माझी स्वप्नं आता निवळली आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुटवडा भरून निघाला. शाळेचं ऑडिट दिसतं, चुकलेली एसटी दिसते, मी भलत्याच वर्गावर उभी असते. त्याला शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही. येत असेलही. मीसुद्धा आता सकाळपर्यंत सलग झोपते.